स्तानिस्लाव लेम : एका वाचकाच्या अस्तित्वाचा पुरावा

(१)

इ. स. १९७४ च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस फिलिप के. डिक या अमेरिकन कादंबरीकारानें आपल्या देशाच्या मध्यवर्ती पोलीस तपास खात्यास, म्हणजे फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनला, एक पत्र लिहिलें. पत्राचा आशय थोडक्यांत असा : पोलंडमधील क्राकूव्ह शहरीं स्तानिस्लाव लेम या नांवानें जें लेखन बाहेर पडतें तें बहुधा एका मनुष्याचें नसून एका मंडळाचें असावें, कारण हा लेखक निरनिराळ्या शैलींत लिहितो, आणि परभाषा त्यास कधीं वाचतां येतात तर कधीं येत नाहींत. हें मंडळ कम्युनिस्ट पक्षाच्या तंत्रानें चालतें, टीकेच्या द्वारें अमेरिकेंतील वैज्ञानिक कल्पितकथेच्या क्षेत्रांत शिरकाव करून घेणें हा त्याचा हेतु आहे, आणि कांहीं विद्वान् टीकाकार व व्हिएन्ना येथील लेमचा वाङ्मयीन मुखत्यार हे त्या साखळींतील दुवे आहेत, असाहि आरोप पत्रांत आहे.

ज्याच्या अस्तित्वाविषयीं ही शंका घेतली गेली त्या लेमला त्या वेळीं त्रेपन्नावें वर्ष संपत आलें होतें. क्राकूव्हच्या बाहेरील क्लिनी या वस्तींत पत्नी व सहा वर्षांचा मुलगा यांसह तो राहत होता. विशेष गोष्ट ही कीं, आरोप करणाऱ्या डिकचे ग्रंथ तो त्या सुमारास अत्यंत बारकाईनें वाचीत होता, आणि पुढील सहा महिन्यांतच, १९७५ च्या मार्चमध्यें, त्याचा डिकवरील गौरवपर निबंध अमेरिकेंतील ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या मथळ्यांतच डिकला भोंदू लोकांमधील एकटा द्रष्टा म्हटलें आहे.

डिकचें पत्र अस्सल आहे. त्यांतील अनुमान खोटें आहे. कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील मजकूर खरा ठरत नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकांस निराळें सांगावयास नको. परंतु खोटें ठरलेलें विधान टाकून देऊन मोकळें होणें हेंहि बरें नव्हे. तें कोठून उद्भवलें, त्यांत खऱ्याचा अंश किती, आणि ज्याच्याविषयीं तें केलें गेलें त्याचें जीवित व वाचन कोणत्या प्रकारचें होतें, याचा शोध घेतला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढाच आहे.

(२)

लेमचा जन्म जन्मनोंदीप्रमाणें १२ सप्टेंबर १९२१ रोजीं ल्वूव्ह शहरांत झाला. हें शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होतें, लेमच्या बालपणीं पोलंडमध्यें होतें, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट युक्रेनमध्यें गेलें, आणि आज तें ल्विव्ह या नांवानें स्वतंत्र युक्रेनमध्यें आहे. लेमचा बाप सामुएल हा घशाच्या व कानाच्या रोगांचा नामांकित वैद्य होता. कुळ ज्यू होतें. परंतु घरांत धर्माचारापेक्षां पोलिश शिक्षण व डॉक्टरी पेशा यांचेंच वळण अधिक होतें.

आपल्या बालपणाचा वृत्तांत लेमनें ‘विसोकी झामेक’ म्हणजे ‘उंच किल्ला’ या १९६६ सालच्या पुस्तकांत लिहिला आहे. त्यांत एक गमतीची हकीकत आहे. शाळेंत असतां या मुलास कागदपत्रें तयार करण्याचा नाद लागला. ओळखपत्रें, परवाने, दाखले, दरवाजांतून आंत सोडण्याच्या चिठ्या, शिक्के व सह्या, असें एका काल्पनिक राज्याचें सगळें दप्तरच त्यानें वर्गांत बसून चोरून निर्माण केलें. त्या राज्याला राजा नव्हता कीं प्रजा नव्हती; केवळ कागद होते, आणि कागदांवरून राज्य आहे असें मानावयाचें होतें.

हा खेळ पुढें किती भयंकर रीतीनें खरा होणार होता याची त्या मुलास कल्पना असणें शक्य नव्हतें. १९३९ सालीं ल्वूव्ह सोव्हिएट सत्तेखालीं आलें. १९४० सालीं लेमनें तेथें वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला. ३० जून १९४१ रोजीं जर्मन सैन्य शहरांत शिरलें, आणि लागलीच ज्यूंच्या कत्तलीस सुरुवात झाली. लेम व त्याचे आईबाप वांचले ते खोट्या कागदांच्या जोरावर. आर्मेनियन वंशाचें म्हणून केलेलें बनावट ओळखपत्र त्याजजवळ होतें. एका जर्मन कारखान्यांत मोटारी दुरुस्त करणें व धातूचें सांधकाम करणें हें काम करून त्यानें ते दिवस काढले. इतर बहुतेक आप्त मारले गेले. युद्ध संपल्यावर शहरच पोलंडच्या नकाशांतून गेलें, तेव्हां घरदार सोडून हें कुटुंब क्राकूव्हला आलें. बापाची जन्माची मिळकत मागें राहिली.

‘उंच किल्ला’ या ग्रंथांत ज्यू हा शब्द स्वतःच्या घराण्यास लावलेला नाहीं. या विषयावर लेमचें मौन दीर्घ काळ टिकलें. १९८४ सालीं ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत आलेल्या आत्मवृत्तपर निबंधांत त्यानें तें थोडेंसें सोडलें. आपण ज्यू आहों याची जाणीव आपणांस नाझी कायद्यांनींच करून दिली, असा त्यांतील भाव आहे. अलीकडे आग्निएश्का गायेव्हस्का यांनीं २०१६ सालीं व वोयचेख ऑर्लिन्स्की यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांमुळें या काळावर पुष्कळ प्रकाश पडला आहे. १९६८ च्या ‘ग्वोस पाना’ या कादंबरींत एक शास्त्रज्ञ कैदखान्याच्या आवारांत गोळी घातली जाण्याची वाट पाहत उभा असल्याची आठवण सांगतो. ही आठवण लेमची स्वतःची, ल्वूव्हमधील १९४१ च्या जुलैची असावी, असें त्याचे चरित्रकार मानतात. दूरच्या ताऱ्यांच्या कथा सांगणाऱ्या या लेखकानें स्वतःवर गुदरलेला प्रसंग असा परक्याच्या तोंडीं घालून ठेवला.

(३)

क्राकूव्हच्या यागिएलोनियन विद्यापीठांत लेमनें वैद्यकाचा अभ्यास पुढें चालविला. परंतु लष्करांत वैद्य म्हणून जन्मभर अडकून पडावें लागेल या भीतीनें शेवटची परीक्षा त्यानें दिली नाहीं. त्या वेळीं मिएचिस्वाव्ह होयनोव्स्की या विद्वानानें शास्त्रांचा विचार करणारी एक संस्था चालविली होती. लेम तेथें साहाय्यक झाला. युद्धांत पोलंडमधील ग्रंथालयांची धूळधाण झालेली असल्यामुळें अमेरिका व कॅनडा येथून शास्त्रीय ग्रंथांच्या पेट्या या संस्थेकडे येत. तेथून ते ग्रंथ विद्यापीठांकडे रवाना व्हावयाचे असत. ते पुढें जाण्यापूर्वीं रात्रीं घरीं नेऊन वाचून काढावे हा लेमचा क्रम होता. इंग्रजी त्यास नीट येत नव्हती. शब्दकोश जवळ घेऊन त्यानें नॉर्बर्ट वीनरचा १९४८ चा ‘सायबर्नेटिक्स’ हा ग्रंथ वाचला, आणि अशाच वाचनांतून तो ती भाषा शिकला. वाचावयास मिळणें हेंच दुर्मिळ असलेल्या मनुष्याची ही हांव त्याच्या पुढील सर्व टीकालेखनाच्या मुळाशीं आहे.

त्याची पहिली विज्ञानकथा १९४६ सालीं एका साप्ताहिकांत क्रमशः आली. १९४८ सालीं लिहून झालेली, वेड्यांच्या रुग्णालयावरील कादंबरी सरकारी तपासनिसांच्या आक्षेपांमुळें १९५५ पर्यंत अडून राहिली. मध्यंतरीं १९५१ सालीं ‘आस्त्रोनाउची’ ही अंतराळप्रवासाची कादंबरी निघाली व गाजली. हींतील भावी साम्यवादी जगाचें गुलाबी चित्र पुढें त्यास स्वतःलाच पोरकट वाटूं लागलें, व तसें त्यानें सांगितलेंहि. १९६१ च्या ‘सोलारिस’ या कादंबरीनें त्याची कीर्ति देशाबाहेर गेली. एका दूरच्या ग्रहावरील समुद्र हाच एक सजीव आहे. माणसें पिढ्यान् पिढ्या त्याचा अभ्यास करतात, ग्रंथांचे ढीग रचतात, आणि शेवटीं त्यांस त्या सजीवाविषयीं कांहींच कळलेलें नसतें. ज्ञानाच्या मर्यादेचा एवढा प्रामाणिक विचार या वाङ्मयप्रकारांत क्वचित् झाला आहे.

समानधर्मी लेखकांच्या कृतींकडे तो याच मोजमापानें पाहूं लागला. पाश्चात्त्य पुस्तकें पोलंडमध्यें विकत मिळणें कठीण होतें, परकीय चलन त्याहून कठीण. व्हिएन्नाचा फ्रांझ रोटेनस्टाइनर हा टीकाकार पुढें लेमचा मुखत्यार झाला. त्यानें लेमला अमेरिकन व इंग्रजी पुस्तकें पाठविलीं. या वाचनाचें फळ म्हणजे १९७० सालीं दोन खंडांत निघालेला ‘फांतास्तिका इ फुतुरोलोगिया’ हा ग्रंथ होय. त्यांतील निवाडा कठोर आहे. मनुष्यजातीचें पुढें काय होणार, यंत्रास बुद्धि आली तर काय, परग्रहावरील बुद्धि आपणांस ओळखतां येईल काय, असे मोठे प्रश्न या वाङ्मयाच्या हातीं आहेत. परंतु बहुतेक लेखक त्यांचा उपयोग नाटकाच्या पडद्यासारखा करतात, आणि पडद्यापुढें चालतें तें जुनेंच चोरपोलिसांचें किंवा साहसाचें कथानक. एच. जी. वेल्सनें दाखविलेली वाट पुढील लेखकांनीं बाजारासाठीं सोडली, अशी त्याची तक्रार होती.

पुढील वर्षीं, म्हणजे १९७१ त, त्यानें ‘दोस्कोनाला प्रूझ्निया’ हा अस्तित्वांत नसलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील पहिलें परीक्षण त्याच संग्रहाचें आहे. शाळेंत राज्यावांचून दप्तर करणाऱ्या मुलानें प्रौढपणीं पुस्तकांवांचून परीक्षणें लिहिलीं, असें म्हटल्यास चालेल.

(४)

या दोन खंडांचा ग्रंथ लिहिला तेव्हां डिकचें थोडेंच लेखन लेमच्या पाहण्यांत होतें, आणि त्यावरून डिक हा इतरांहून फारसा निराळा नाहीं असें त्याचें मत झालें होतें. नंतर ‘यूबिक’ ही १९६९ ची कादंबरी व आणखी कांहीं पुस्तकें त्याच्या हातीं आलीं. तीं वाचून त्यानें आपलें मत फिरविलें, आणि पहिल्या वेळीं आपली चूक झाली हें पुढील निबंधांत उघडपणें लिहिलें.

मत फिरण्याचें कारण समजण्यास ‘यूबिक’चें कथानक थोडेंसें पाहिलें पाहिजे. त्यांत मेलेल्या माणसांस शीतगृहांत ठेवून अर्धवट जिवंत राखण्याची सोय आहे. एका स्फोटानंतर जो चिप व त्याचे सोबती यांस असें वाटतें कीं आपला धनी रन्सिटर मेला व आपण वांचलों. परंतु भोंवतालचें जग मागें मागें जाऊं लागतें; नवीं यंत्रें जुन्या घाटाचीं होतात, काळ १९३९ पर्यंत उतरतो. नाण्यांवर रन्सिटरचा चेहरा दिसूं लागतो. मेले कोण आणि वांचले कोण? शेवटीं रन्सिटरच्या हातांतील नाण्यावर चिपचा चेहरा येतो, आणि वाचकानें बांधलेला उलगडा पुन्हा ढांसळतो.

सामान्य टीकाकार यास रचनेचा दोष म्हणेल. लेमचें म्हणणें असें कीं, टेलिपथी, यंत्रमानव, परग्रहावरील वसाहती हें सगळें भंगाराच्या बाजारांतील सामान डिकनें इतरांप्रमाणेंच उचललें आहे. परंतु इतर लेखक त्या भंगारानें खेळतात, आणि डिक त्यांतून जग फुटत असतांना माणसावर काय गुजरतें हें दाखवितो. कथेचा एकच एक सुसंगत उलगडा मागणें ही येथें वाचकाची चूक आहे. ती विसंगतीच अर्थ वाहून नेते. हा न्याय देतांना डिकच्या ढिसाळ रचनेवर, घाईवर व बाजारी अलंकारांवर त्यानें पांघरूण घातलें नाहीं. ज्या माणसानें एका सकाळीं आपलें शहर, आपलें नांव व आपला कायदेशीर जीव हीं तिन्ही एकदम नाहींशीं होतांना पाहिलीं होतीं, त्यास ‘यूबिक’मधील विरघळणारें जग ओळखीचें वाटलें असावें, असें आम्हांस वाटतें. लेमनें स्वतः तसें म्हटलेलें नाहीं. हें आमचें अनुमान होय.

लेमनें केवळ निबंध लिहून न थांबतां ‘यूबिक’ पोलिश भाषेंत आणविली. १९७५ सालीं क्राकूव्हच्या ‘विदाव्ह्निच्त्वो लितेरात्स्किए’ या प्रकाशनसंस्थेनें मिखाव रोनिकिएर यांचें भाषांतर लेमच्या उपसंहारासह काढलें. लेमच्या शिफारशीनें निघणाऱ्या पुस्तकमालेंत तें होतें. त्याच मालेंत ल्वूव्ह येथें १९३६ सालीं विस्मृतींत मरण पावलेला पोलिश कथाकार स्तेफान ग्राबिन्स्की याच्या अद्भुतकथा निघाल्या, आणि १९७७ सालीं रशियन बंधु आर्काडी व बोरिस स्त्रुगात्स्की यांची, रस्त्याकडेच्या सहलीच्या रूपकावर रचलेली कादंबरी निघाली. परग्रहावरील पाहुण्यांचें गूढ शेवटपर्यंत राखल्याबद्दल लेमनें या बंधूंस मोठा मान दिला. पण कथेच्या अंतीं इच्छा पुरविणारा सोन्याचा गोळा आणून त्यांनीं परीकथेकडे पाऊल टाकलें, हेंहि त्याच उपसंहारांत सुनावलें.

‘यूबिक’च्या या पोलिश आवृत्तीनेंच डिकचें मन बिघडविण्यास हातभार लावला. पोलिश झ्लोटी हें नाणें परदेशांत बदलून मिळत नसे. मोबदला पोलंडांतच, त्या नाण्यांतच खर्च करावा लागणार. यांत आपण नाडले गेलों असें डिकला वाटलें, आणि प्रकाशकाच्या व्यवहाराचा दोष त्यानें लेमच्या माथीं मारला. भर म्हणजे १९७१ सालीं त्याचें घर फोडलें गेलें होतें, आणि १९७४ च्या आरंभीं त्यास विलक्षण दृष्टांत होऊं लागले होते. सर्वत्र गुप्त हात दिसूं लागलेल्या मनःस्थितींत तें सप्टेंबरचें पत्र लिहिलें गेलें.

(५)

लेमच्या वाचनाचें दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट घडलें. उर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘दि लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी १९६९ सालीं निघाली. तींतील ग्रहावरचीं माणसें एरवीं स्त्रीहि नसतात व पुरुषहि नसतात. महिन्याच्या ठराविक दिवसांत तीं यांपैकीं एक होतात, आणि कोणतें होणार हें आधीं ठाऊक नसतें. १९७१ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका हौशी नियतकालिकांत लेमनें या पुस्तकाचें परीक्षण केलें. कल्पना अपूर्व आहे, परंतु हीं माणसें पेहरावानें, बोलण्यानें व वागण्यानें पुरुषच वाटतात; आणि अशा दैवाधीन जिण्यांत जें दुःख असणार तें लेखिकेनें हाताळलेंच नाहीं, असा त्याचा आक्षेप होता. ल ग्विन बाईंनीं तेथेंच उत्तर दिलें. पुढें १९७६ च्या एका निबंधांत त्यांनीं आपणहून मान्य केलें कीं, पुल्लिंगी सर्वनाम वापरल्यामुळें व आणखी कांहीं कारणांनीं तीं पात्रें पुरुषांसारखीं वाटतात.

त्याच वर्षीं एक वाईट प्रकरण झालें. अमेरिकेंतील ‘सायन्स फिक्शन रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघानें १९७३ सालीं लेमला सन्मान्य सभासद केलें होतें. अमेरिकन विज्ञानकथा बहुतांशीं बाजारी व निर्बुद्ध आहे हें त्याचें मत जर्मन वृत्तपत्रांतून भाषांतररूपानें अमेरिकेंत पोंचलें, तेव्हां संघांत खळबळ उडाली, आणि १९७६ सालीं तें सभासदत्व काढून घेण्यांत आलें. सांगितलेलें कारण नियमाचें होतें : अमेरिकेंत पुस्तकें छापलीं गेल्यामुळें लेम साध्या सभासदत्वास पात्र आहे, म्हणून सन्मान्य सभासदत्व अनियमित. साधें सभासदत्व देऊं केलें गेलें तें लेमनें घेतलें नाहीं.

या वेळीं जाहीर विरोध करणाऱ्यांत ल ग्विन बाई पुढें होत्या. त्यांच्या ‘द डायरी ऑफ द रोझ’ या कथेस १९७७ सालीं संघाचें नेब्युला पारितोषिक मिळावयाचें होतें. लेमशीं झालेल्या वर्तनाच्या निषेधार्थ त्यांनीं तें नाकारलें, व तें आयझॅक ॲसिमॉव्ह यांच्या कथेस गेलें. ज्याची स्तुति केली त्यानें लेमला पोलिसांच्या दप्तरांत घातलें, आणि जिच्या पुस्तकावर कडक टीका केली तिनें त्याच्यासाठीं सन्मानावर पाणी सोडलें. टीकाकाराच्या नशिबाचा एवढा स्पष्ट हिशेब क्वचितच कागदोपत्रीं सांपडतो.

(६)

आतां मूळ पत्राकडे वळूं. लेमच्या शैली अनेक आहेत, हें डिकचें निरीक्षण अगदींच निराधार नव्हतें. १९७४ पर्यंत इंग्रजींत मिळणाऱ्या लेमच्या पुस्तकांचा उगम पाहतां हें ध्यानीं येतें. १९७० ची ‘सोलारिस’ जोआना किल्मार्टिन व स्टीव्ह कॉक्स यांनीं केली ती पोलिशवरून नव्हे, फ्रेंच भाषांतरावरून. १९७३ ची ‘दि इन्व्हिन्सिबल’ वेंडेन ॲकरमन यांनीं जर्मनवरून केली. १९७४ ची ‘दि सायबेरियाड’ मायकेल कँडेल यांनीं थेट पोलिशवरून, मूळच्या शब्दखेळांस इंग्रजी शब्दखेळ योजून केली. तीन भाषांच्या वाटांनीं आलेला एकच लेखक तीन माणसांसारखा दिसावा यांत नवल नाहीं. शिवाय मूळ लेखनांतहि विनोदी कथा, गंभीर कादंबरी व तत्त्वचर्चा यांची भाषा त्यानें निरनिराळी ठेवली होती. परभाषांचें कोडेंहि सुटण्यासारखें आहे : इंग्रजी तो वाची, परंतु ती त्याच्या बोलण्याची भाषा नव्हती, रोटेनस्टाइनरशीं त्याचा व्यवहार जर्मन भाषेंत चाले.

शैलीच्या भेदावरून व्यक्तिभेद काढण्याची ही युक्ति आपणांकडेहि अपरिचित नाहीं. ज्ञानेश्वरी व अभंग यांच्या भाषेंतील अंतरावरून ज्ञानेश्वर दोन झाले असा पक्ष ‘भारद्वाज’ यांनीं १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रांत मांडला होता, व त्यावर मोठा वाद झाला. दोन्हीं प्रश्नांचें स्वरूप भिन्न आहे. परंतु शिकवण एकच, कीं ग्रंथ आपल्या हातीं कोणत्या वाटेनें आला हें पाहिल्यावांचून शैलीची साक्ष ग्राह्य धरूं नये.

लेम एकच मनुष्य होता, याचा पुरावा जन्मनोंदींत आहे, साल्वातोर येथील स्मशानांतहि आहे. १९८१ च्या डिसेंबरांत पोलंडवर लष्करी कायदा लागल्यानंतर तो बर्लिन व व्हिएन्ना येथें राहिला, १९८८ सालीं परतला, आणि २७ मार्च २००६ रोजीं क्राकूव्ह येथें वारला. डिक त्यापूर्वींच, २ मार्च १९८२ रोजीं, कॅलिफोर्नियांत निवर्तला होता. दोघांची भेट कधींच झाली नाहीं.

परंतु कागदांचा भरंवसा किती धरावा हें लेमपेक्षां अधिक कोणास ठाऊक असणार? खऱ्या कागदानें तो मेला असता, खोट्या कागदानें जगला. म्हणून आम्हांस दुसरा पुरावा अधिक बळकट वाटतो. पक्षाच्या हुकमानें चालणारें मंडळ एखाद्या परकीय लेखकाविषयींचें आपलें मत चुकलें असें छापून सांगत नाहीं. तोच लेखक पुन्हा उघडून, पूर्वीं न दिसलेलें दिसलें म्हणून आनंदित होत नाहीं. आणि स्वतः पुढें आणलेल्या पुस्तकाच्या उपसंहारांत त्या पुस्तकाचे दोष मोजीत नाहीं. हें एकटा वाचक करतो. डिकच्या पत्राचें खरें उत्तर लेमच्या डिकवरील निबंधांतच आहे. पत्र लिहिलें गेलें तेव्हां तें अद्याप छापून आलें नव्हतें, इतकेंच.